काकाजींचे वजन कसे उतरले?

नागपूरच्या महाल भागात एक काकाजी राहतात. गांधीबागेत त्यांचे कापडाचे छोटे दुकान आहे. सकाळी गादीवर बसले की रात्रीच उठायचे. वय पन्नाशीच्या पुढचे. अंगाने भरलेले, स्वभावाने मोकळे. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला चहा पाजल्यावाचून जाऊ देत नाहीत. त्याला सोबत म्हणून स्वतःही घेतात.

एका वर्षी काकाजींचे गुडघे दुखू लागले. माळ्यावरचे ठाण काढायला जिना चढले की धाप लागे. दवाखान्यात गेले. वजन केले, ते भरले ८६ किलो. उपाशीपोटी रक्तातील साखर तपासली, ती निघाली ११२.

डॉक्टर म्हणाले, "काकाजी, ही साखर १०० च्या आत हवी. १२६ किंवा त्याहून जास्त आली आणि पुन्हा तपासूनही तशीच निघाली, तर मधुमेह झाला असे आम्ही म्हणतो. तुम्ही काठावर उभे आहात. अजून गोळीची गरज नाही. वजन उतरवा."

काकाजी घरी आले ते विचारातच. त्यांच्या घरात मधुमेह नवा नव्हता. काकू चार वर्षांपासून साखरेची गोळी घेत होत्या. काकाजींच्या वडिलांचा तर पाय मधुमेहाच्या जखमेने गेला होता. ते दिवस काकाजी विसरले नव्हते.

भुकटीचा डबा

घाबरलेल्या माणसाला सल्ले फार मिळतात. एका ओळखीच्या माणसाने भुकटीचा डबा आणून दिला. "महिन्यात दहा किलो उतरते. खाणे सोडू नका, चालू नका, फक्त ही घ्या," असे तो म्हणाला. डब्यात काय आहे ते डब्यावर नीट लिहिलेले नव्हते. काकाजींनी पैसे मोजले.

आठ दिवसांत तीन किलो वजन उतरले. काकाजी खूश! पण पोट सारखे बिघडलेले, तोंडाला कोरड, उठले की चक्कर. वस्तीत आरोग्याचे काम करणारी एक ताई येते. तिने डबा पाहिला आणि विचारले, "काकाजी, तीन किलो काय उतरले, ठाऊक आहे? चरबी नाही. जुलाबावाटे पाणी गेले. भुकटी बंद करा, नीट पाणी प्या, वजन परत येते की नाही पाहा."

तसेच झाले. वजन परत आले. पैसे मात्र परत आले नाहीत.

दोरीची परीक्षा

ताई म्हणाली, "आधी आपण किती पाण्यात आहोत ते पाहू. काट्याचीसुद्धा गरज नाही. एक दोरी आणा."

तिने काकाजींच्या उंचीएवढी दोरी कापली. ती दुमडून बरोबर निम्मी केली. ती निम्मी दोरी त्यांच्या कमरेभोवती, बेंबीच्या जरा वर धरली. दोन्ही टोके जुळेनात. मध्ये चांगले चार बोटांचे अंतर राहिले.

"कमर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी," ताईने सांगितले. "पोटावरची चरबी ही सर्वांत वाईट. ती आतल्या अवयवांभोवतीही साठते आणि साखर व रक्तदाब वाढवते. आपल्या देशातल्या माणसांत ती लवकर साठते. म्हणून आपल्याकडे पुरुषाची कमर ९० सेंटीमीटरच्या आणि बाईची ८० सेंटीमीटरच्या वर गेली, की धोक्याची खूण समजावी."

ही परीक्षा कोणत्याही मोठ्या माणसाला घरी करता येते. फक्त पोट आत ओढू नये. दोरी फसते, शरीर फसत नाही!

"मी तं काहीच खात नाही!"

ताईने विचारले, "काकाजी, दिवसभरात काय काय खाता?"

"मी तं काहीच खात नाही जी! दोन टाईम जेवतो. बस्."

काकू हसल्या. त्या मागल्या वर्षीच साक्षरता वर्गात लिहायला शिकल्या होत्या. ताईने त्यांना एक वही दिली आणि म्हणाली, "काकू, आठ दिवस काकाजी जे तोंडात टाकतील ते वेळेसकट लिहा. दुकानातले त्यांनी येऊन सांगायचे. खोटे सांगायचे नाही, आणि तुम्ही रागवायचे नाही."

पहिल्या दिवसाचे पान असे भरले:

सकाळी ६ – चहा, दोन चमचे साखर.
८ – तर्री पोहे एक प्लेट, वर शेव.
१० – दुकानात चहा.
१२ – गिऱ्हाइकाबरोबर चहा.
१॥ – डबा. चार पोळ्या, बटाट्याची भाजी, भात.
४ – चहा आणि समोसा.
६ – चहा.
८ – घरी आल्यावर मूठभर चिवडा. मग आणखी मूठभर.
९॥ – तीन पोळ्या, वरण-भात, तूप, पुडाची वडी.

काकाजींनी पान पाहिले आणि गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "अवो, हे सगळं मीच खाल्लं काय?"

मंडळी, काकाजी खोटे बोलत नव्हते. आपण जेवण तेवढे लक्षात ठेवतो. मधले खाणे मनातल्या हिशेबात धरतच नाही. शरीर मात्र पै-पैचा हिशेब ठेवते.

हिशेब करून पाहू

अन्नातून मिळणारी शक्ती उष्मांकांत मोजतात. शरीराला दिवसभर श्वास घ्यायला, हृदय चालवायला, काम करायला शक्ती लागते. जेवढी लागते तेवढीच घेतली तर वजन स्थिर राहते. जास्त घेतली तर उरलेली चरबी होऊन साठते. कमी घेतली तर शरीर साठ्यातून काढते. वजन उतरण्याचा मार्ग हाच. भुकटी, पट्टा, तेल चोळणे, घाम काढणे, यांनी चरबी वितळत नाही.

आता काकाजींच्या चहाचा हिशेब पाहा. दिवसाचे पाच चहा. प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे दहा चमचे. लहान चमच्यात ५ ग्रॅम साखर मावते. दहा चमच्यांचे झाले ५० ग्रॅम. महिन्याचे झाले १५०० ग्रॅम, म्हणजे दीड किलो! दीड किलो साखरेत सुमारे ६००० उष्मांक असतात. एक किलो चरबीत साधारण ७७०० असतात. नुसत्या चहातल्या साखरेची गोष्ट एवढी.

दुसरी गोष्ट तेलाची. एक ग्रॅम धान्यात किंवा साखरेत ४ उष्मांक, तर एक ग्रॅम तेलात किंवा तुपात ९. म्हणजे दुपटीहून जास्त. आणि आपला विदर्भ तर तेलाचा शौकीन! तर्री लाल दिसली पाहिजे. सावजी रश्श्यावर तेलाचा तवंग पाहिजे. गोळाभातावर फोडणीचे तेल वरून पाहिजे. हे पदार्थ आपले आहेत आणि चवीचे आहेत, त्यांना नावे ठेवायची नाहीत. पण आपले आजे-पणजे दिवसभर शेतात राबून सणावारी ते खात. आपण गादीवर बसून रोज खातो. फरक तिथे आहे.

काकूंच्या घरी माणसे चार. तेल लागे महिन्याला चार किलो. ताईने सांगितले, "माणशी महिन्याला अर्ध्या किलोच्या आसपास पुरे. म्हणजे तुमच्या घराला दोन किलो."

काकूंनी युक्ती केली. महिन्याच्या पहिल्या तारखेला दोन किलो तेल बरणीत काढून ठेवले. कढईत धार धरणे बंद केले. चमच्याने मोजून घालू लागल्या. चव गेली म्हणून कोणी तक्रार केली नाही. महिन्याला दोन किलो तेलाचे पैसे वाचले ते वेगळेच.

काटोलच्या गिऱ्हाइकाने सांगितलेली गोष्ट

एक दिवस दुकानात काटोलकडचे गिऱ्हाईक आले. काकाजींनी बिनसाखरेचा चहा मागवलेला पाहून ते म्हणाले, "काकाजी, आमच्या जिचकार साहेबांचं ऐका. दोनदाच जेवा."

जिचकार साहेब म्हणजे डॉ. श्रीकांत जिचकार. १९५४ साली जन्मलेले, नागपूरला शिकून एम.डी. झालेले डॉक्टर. त्यांनी वीसच्या आसपास पदव्या मिळवल्या. १९८० साली ते काटोलमधून आमदार झाले. २००४ साली जूनमध्ये कोंढाळीजवळ मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. आहारावरचे त्यांचे भाषण मात्र मागे राहिले आणि ध्वनिमुद्रणातून घरोघर पोचले. त्यांचे म्हणणे साधे होते. माणसाने खरी भूक ओळखावी, दिवसातून दोनदाच जेवावे आणि मधे तोंड चालवू नये.

पुढे वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी हे भाषण ऐकले. आधी स्वतः करून पाहिले. मग व्याख्याने देऊन आणि पुस्तक लिहून ही पद्धत महाराष्ट्रभर नेली. त्यांचा नियम असा: कडक भूक लागेल त्या दोन वेळा ठरवाव्या. जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवावे. मधे पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा घ्यावा. आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे.

यामागचे कारण ते असे सांगतात. आपण काही खाल्ले की शरीरात इन्सुलिन नावाचा रस सुटतो. तो चरबी साठवायला मदत करतो. सारखे खाल्ले की तो सारखा सुटतो.

हे कारण सगळ्याच डॉक्टरांना जसेच्या तसे मान्य नाही. मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर तर थोड्या थोड्या वेळाने थोडे थोडे खा असे सांगत आल्या. मग खरे कोणाचे? काकाजींनी हाच प्रश्न ताईला विचारला.

ताई म्हणाली, "दोघांच्या सांगण्यात सारखे काय आहे ते पाहा. दोघेही घरचे अन्न खा म्हणतात. दोघेही हालचाल करा म्हणतात. वजन उतरते ते दिवसाचे एकूण खाणे घटले म्हणून. तुमच्या वहीत नऊ वेळा खाणे आहे. दोनच वेळा ठरवल्या तर बाकीच्या सात वेळांचे खाणे आपोआप सुटेल. तुम्हांला मोजमाप जमत नाही, पण 'आता नाही' म्हणणे जमेल. तुम्हांला साखरेची गोळी चालू नाही. तरी एकदा डॉक्टरांना विचारा आणि मग सुरू करा."

डॉक्टरांनी होकार दिला. काकाजींनी वेळा ठरवल्या. दुकान उघडण्याआधी सकाळी १०, आणि रात्री ८.

काकूंची वाट वेगळी

काकू म्हणाल्या, "मग मीपण दोनदाच जेवते. एकत्रच करू."

ताईने त्यांना लगेच थांबवले. "काकू, तुम्ही नाही! तुम्हांला गोळी चालू आहे. गोळी साखर उतरवते. पोटात अन्न नसेल तर ती जास्तच उतरवते. मग घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस बेशुद्धही पडतो. साखरेची गोळी किंवा इन्सुलिनचे इंजेक्शन चालू असलेल्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून जेवणाची वेळ टाळू नये. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, वाढते मूल, मूत्रपिंडाचा आजार असलेला माणूस, यांनीही असे प्रयोग करू नयेत."

वाचकहो, ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. शेजाऱ्याला जे मानवले ते आपल्याला मानवेलच असे नाही. एकाच घरात, एकाच चुलीवर शिजलेले अन्न काकाजी दोन वेळा जेवू लागले आणि काकू ठरल्या वेळी तीन वेळा, पण थोडे कमी. दोन्ही वाटा एकाच गावाला जातात.

ताटात काय वाढावे?

डोळ्यांनी ताटाचे भाग पाडा. अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर. पालक, अंबाडी, चवळी, दोडका, काकडी, मुळा, जे स्वस्त मिळेल ते. पाव भागात वरण, उसळ, झुणका, अंडे किंवा मासे. यांनी पोट बराच वेळ भरलेले राहते आणि अंगातले मांस टिकते. उरलेल्या पाव भागात भाकरी, पोळी किंवा भात.

काही लोक म्हणतात, ज्वारीची भाकरी खाल्ली की चरबी झडते. तसे नाही. भाकरी पोटाला आधार देते म्हणून चांगली. पण पाच भाकरी खाल्ल्या तर त्याही अंगी लागतात. संत्रे आपल्या गावचे. ते फोडी सोलून खावे. त्याचा रस काढून साखर घातली की चोथा जातो आणि साखर उरते. संत्रा बर्फी ही मिठाईच, फळ नव्हे!

चालणे

काकाजी पहाटे रेशीमबाग मैदानावर जाऊ लागले. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत दमले. आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवली. दोन महिन्यांत पाऊण तासावर आले. चालण्याचा वेग किती असावा? बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा सूर्य वर येण्याच्या आत घरी परतावे. पाणी पिऊन निघावे. पावसाळ्यात घरातल्या घरात फेऱ्या माराव्या.

काकूंना बाहेर जायला वेळ मिळेना. त्या खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे करू लागल्या. आधी पाच वेळा, मग दहा वेळा, मग पंधरा वेळा. याने मांड्यांत बळ येते आणि गुडघ्याला आधार मिळतो. संध्याकाळी गल्लीत शेजारणींबरोबर अर्धा तास फिरू लागल्या. आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे झाले म्हणजे पुरे.

पण एक भ्रम नको. पाऊण तास चालून जेवढी शक्ती खर्च होते, तेवढी एका मोठ्या समोशातून परत येते. "चाललो आहे, आता एक समोसा चालतो" असे म्हटले की हिशेब बरोबरीत सुटतो. वजन उतरते मुख्यतः ताटातून. चालण्याने ते पुन्हा चढत नाही, साखर काबूत राहते, हृदय मजबूत होते. म्हणून दोन्ही हवे.

मधेच अडले तेव्हा

पहिल्या दोन महिन्यांत काकाजींचे चार किलो उतरले. तिसऱ्या महिन्यात काटा हलेना. त्यातच लग्नसराई आली. पंगतीत आग्रह झाला. काकाजींनी जिलेबी खाल्ली, मठ्ठा प्याले, आणि दुसऱ्या दिवशी रागाने म्हणाले, "सोड ते सगळं. माह्यानं होत नाही."

काकूंनी वही उघडली. म्हणाल्या, "अवो, एक दिवस चुकला तं महिना कसा बुडते? मागची पानं पाहा ना. कुठून कुठं आले तुम्ही!"

ताईनेही समजावले. शरीर हलके झाले की त्याला शक्ती कमी लागते, म्हणून वजन काही दिवस थांबते. तेव्हा घाबरू नये आणि उपास करून जिवाला त्रासही देऊ नये. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी चांगले. एक किलोपेक्षा जास्त घाई नको. चरबी जशी थेंबे थेंबे साचली, तशीच ती जाते.

काकाजी पुन्हा चालू लागले.

काय मिळाले?

आठ महिन्यांनी काकाजींचे वजन ७९ किलो झाले. सात किलो उतरले. काकाजी सडपातळ झाले नाहीत. पोट अजून आहे. पण उपाशीपोटी साखर ९७ वर आली. जिना चढताना धाप लागत नाही. एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. सात किलोंचा हिशेब तुम्हीच करा. काकूंचेही चार किलो उतरले. डॉक्टरांनी तपासून त्यांची गोळी अर्धी केली. काकूंनी आपल्या मनाने ती बंद केली नव्हती, हे महत्त्वाचे.

सात किलो म्हणजे थोडेच, असे वाटते ना? पण याचा पुरावा आहे. अमेरिकेत मधुमेहाच्या काठावरच्या तीन हजारांवर लोकांची पाहणी झाली. ती २००२ साली छापून आली. काही लोकांना आहार बदलून आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालून वजन शेकडा सात उतरवायला सांगितले. काहींना साखरेची गोळी दिली. काहींना नुसती नावापुरती गोळी दिली. नावापुरत्या गोळीपेक्षा खऱ्या गोळीने मधुमेह ३१ टक्क्यांनी कमी झाला. आहार आणि चालण्याने तो ५८ टक्क्यांनी कमी झाला! आपल्या देशातही चेन्नईच्या डॉक्टरांनी अशी पाहणी केली आणि २००६ साली छापली. तिथेही आहार आणि व्यायामाने मधुमेह सुमारे २८ टक्क्यांनी घटला.

याचा अर्थ औषध वाईट असा नाही. थायरॉइडच्या आजाराने वजन वाढते, काही औषधांनीही वाढते. काही माणसांना औषधाची, क्वचित शस्त्रक्रियेचीही गरज असते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. खाणे कमी करूनही वजन वाढत असेल, किंवा काही न करता झपाट्याने उतरत असेल, तर दवाखान्यात जावे.

काकाजींच्या दुकानात आजही गिऱ्हाइकाला चहा मिळतो. काकाजी आपला कप बिनसाखरेचा घेतात. कोणी विचारले, "काकाजी, कोणतं औषध घेतलं जी?" तर ते गल्ल्यातून दुमडलेली दोरी काढतात आणि म्हणतात, "हे घ्या. आधी कमरेला लावून पाहा. मग घरी जाऊन वही करा."

लक्षात ठेवा

१. निम्म्या उंचीची दोरी कमरेला पुरली पाहिजे.
२. आठ दिवस सगळे खाणे लिहून काढा. तेल आणि साखर मोजून वापरा.
३. जेवणाच्या वेळा ठरवा. मधले खाणे सोडा.
४. आठवड्याला दीडशे मिनिटे चाला.
५. गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न

१. तुम्ही दिवसाला किती चहा घेता? महिन्याला साखर किती झाली?
२. तुमच्या घरी माणशी तेल किती लागते?
३. काकाजींची पद्धत काकूंना का चालली नाही?